वरचा एक पॉइंट

१ जुलै २०२२, शुक्रवार

सैन्य घ्यायचं ठरवलं!

खरंखुरं नाही. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक — आपणच चिकटवायचे, आपणच रंगवायचे आणि टेबलावर मांडून फासे टाकत लढायचे. सुमैयाने आज मला अल हिलालला तिच्या भावाकडे जेवायला नेलं. (सुमैया रत्नागिरीची, मी नाशिकची. इथे दोह्यात, अल मन्सूराच्या फ्लॅटमध्ये दोघी सुखाने भांडत राहतो.) आफताबभाई जुम्म्याची नमाज पढून आले, जेवणं झाली, ताटं उचलली आणि त्याच टेबलावर थर्माकोलचे डोंगर मांडले गेले. दर शुक्रवारी म्हणे असंच चालतं. शहाणीसुरती, पोट सुटलेली माणसं!

त्यात एक देवव्रत. साताऱ्याचा. वर्ल्ड कपच्या स्टेडियममध्ये खुर्च्यांखालून गार हवा सोडणं हे त्याचं काम. चेहरा कायम मीटिंगला बसल्यासारखा. पण त्याच्या सरदाराकडे एक शिंग आहे, आणि ते वाजवायची वेळ आली की हा गृहस्थ तोंडाने खरोखर 'पोंऽऽ' करतो. हसला नाही अजिबात. मी मात्र सरबत सांडलं.

१५ जुलै

सल्ले. सल्ले. सल्ले.

आफताबभाई म्हणतात, सगळ्यात मोठा राक्षस आधी घे, बाकीचे मागून येतात. गुरुप्रसादकाका (इथे वीस वर्षं, प्रत्येक गोष्टीवर मत) म्हणतात, एकच डबा घे, तो पूर्ण रंगव, मगच दुसरा. त्यांच्या स्वतःच्या घरी अकरा डबे न उघडता पडलेत, हे काकूंनी सांगितलं.

देवव्रतने आधी फासे गोळा केले. मग म्हणाला, "हरतानाही ज्यांच्याकडे बघत राहावंसं वाटेल, ते सैन्य घे. पहिलं वर्ष हरायचंच असतं."

मी बुटके घेतले. डोंगरात राहणारे, दाढीवाले, ढेरपोटे. सगळे माझ्या मामासारखे दिसतात.

५ ऑगस्ट

रंगाआधी स्प्रेचा हात द्यायचा असतो. तो मी गच्चीवर दिला. ऑगस्टात. दोह्यात. तापलेल्या हवेत फवारा उडता उडताच सुकला आणि सगळ्यांच्या अंगावर खरखरीत थर बसला. सुमैयाने बघितलं आणि म्हणाली, "रव्यात घोळवलंस ना? आता तळ."

रडू आलं. थोडंसंच.

६ ऑगस्ट

देवव्रत घरी आला! आफताबभाईंकडून कळलं म्हणे. ब्रश, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन. तीन तास आम्ही तिघं मोरीत बुटक्यांना आंघोळ घालत होतो. तो सांगत होता, इथे स्प्रे करायचा तो डिसेंबरात, तोवर एसीत बसून ब्रशने. एक जाड हात नको, दोन पातळ. मी ऑफिसात वर्ल्ड कपच्या दिशादर्शक पाट्यांचं प्लॅनिंग करते, रंगाच्या शेड्सवरून लोकांना परत पाठवते — आणि इथे मुकाट ऐकून घेतलं. ऐकावंसं वाटत होतं.

११ सप्टेंबर

आईचा फोन. पुण्याचं स्थळ. मुलगा चांगला, माणसं चांगली, पत्रिका जुळते. खोट काढायला कुठे जागाच नाही, हीच पंचाईत. मी म्हटलं, वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आत सांगते. आई म्हणाली, त्याचा आणि लग्नाचा काय संबंध?

संबंध आहे. स्टेडियमचं काम संपलं की देवव्रतचं कॉन्ट्रॅक्ट खलास. परवा सहज बोलून गेला — रियाधची नोकरी ठरल्यात जमा आहे. सहज! मी बुटक्याच्या दाढीला रंग देत होते, तो नाकावर गेला.

मला तो आवडतो. लिहून टाकलं. त्याच्या मनात काय आहे ते तो जायच्या आत मला कळायला हवं. आणि विचारायची हिंमत होत नाही. एरवी मी ठेकेदारांना उभं-आडवं झापते.

३ ऑक्टोबर

माझी पहिली लढाई चौदा तारखेला! प्रत्येकाचं सैन्य पाचशे पॉइंटांचं. दर सैनिकाला पॉइंट, दर हत्याराला पॉइंट. बेरीज केली तर बरोब्बर पाचशे. कसं ओकंबोकं वाटलं. मामाच्या (त्या बुटक्याचं नाव आता मामाच) हातात एक कंदील चिकटवला. कंदिलाचा एक पॉइंट. दिवसाच्या लढाईत उपयोग शून्य, पण काय शोभतो!

पाचशे एक. आता बरं वाटलं. आमच्याकडे आहेराच्या पाकिटात कोणी नुसते पाचशे घालत नाही. वर एक ठेवला की पुढे चालू राहतं.

१४ ऑक्टोबर

फजिती!

देवव्रतने यादी बघितली. एक पॉइंट जास्त आहे म्हणाला. मी म्हटलं, हो, मुद्दाम, शकुनाचा. मग आफताबभाई इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, राहू दे रे, एकाने काय होतंय. काकाही राहू दे म्हणाले.

देवव्रत नाही म्हणाला. "हे सैन्य आहे, अनुष्का. आहेराचं पाकीट नाही."

मी म्हटलं, कंदील धरू नका. तेही नाही — हातात दिसेल ते मोजायचं, हा टेबलाचा नियम. कंदील काढायचा तर पक्कडीने मामाचं मनगट तोडावं लागलं असतं. शेवटी अख्खा मामाच डब्यात. त्याच्याशिवाय लढले, सपाटून हरले. वर त्या माणसाने 'पोंऽऽ'ही केलं.

एका पॉइंटासाठी!

१५ ऑक्टोबर

पुण्याचा मुलगा वाईट नाही.

२४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फ्लॅटमध्ये पणत्या लावल्या, सुमैयाने रांगोळीत रंग भरले. सगळ्यांना फराळ पाठवला. देवव्रतलाही. त्याच्या डब्यात चकल्या मोजून दहा घातल्या. अकरावी मी खाल्ली.

सुमैया म्हणते, चकलीने भांडू नकोस, तोंडाने भांड. बरोबर आहे तिचं. पण रियाधचं पक्कं झालंय, आणि मी कोण त्याची?

११ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट लिहिते.

आज जोड्यांची लढाई होती. वर्ल्ड कपआधीची शेवटची, मग सगळ्यांना कामाची झुंबड. आफताबभाईंनी मला देवव्रतबरोबर टाकलं. (सुमैया तेव्हा छताकडे बघत होती. कळलं मला.) जोडीचे मिळून हजार पॉइंट. मी मुकाट्याने सैन्य मांडलं, मामाला डब्यातच ठेवलं. नियम म्हणजे नियम.

देवव्रतने डबा उघडला. मामाला काढला आणि कंदिलासकट टेबलावर, अगदी पुढे उभा केला. मी म्हटलं, पाचशे एक होतात. तो म्हणाला, हजारच होतात, मोज.

मोजलं. माझे पाचशे एक. त्याचे चारशे नव्व्याण्णव.

मग त्याचा सरदार दिसला. हात तसाच तोंडाशी, पण हातात शिंग नाही. पक्कडीने कापलेलं. कापल्या जागी ताजा रंग, दोन पातळ हातांचा. शिंगाचा एक पॉइंट असतो, हे मला तेव्हाच कळलं.

"का कापलंस?" मी विचारलं.

"तुझा वरचा एक कुठेतरी बसवायला हवा होता," तो म्हणाला. खाली बघून.

मग लढाई झाली. आम्ही हरलो. 'पोंऽऽ' करायची वेळ दोनदा आली, दोन्ही वेळा तो नुसता गप्प उभा राहिला, आणि मला डोळे पुसायला मोरीत जावं लागलं. आफताबभाईंच्या बायकोला, रुकैयाभाभींना वाटलं, हरल्याचं दुःख. त्यांनी आणखी बिर्याणी वाढली.

१२ नोव्हेंबर

आईला पुण्याला नाही कळवायला सांगितलं. दुसरं कोण आहे का, म्हणाली. म्हटलं, विचारून सांगते.

१९ नोव्हेंबर

विचारलं! अल मन्सूरा मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर, गर्दीत, गाडी यायच्या आधी. रियाधला खेळायला टेबल आहे का, म्हणून. तो म्हणाला, टेबल मिळेल, पण समोर तू लागशील. मी हो म्हटलं. आणि त्या मीटिंगच्या चेहऱ्याच्या माणसाने, शिंग नसताना, सगळ्यांदेखत जोरात 'पोंऽऽ' केलं! शेजारच्या झेंडेवाल्यांना वाटलं मॅच आजच आहे. त्यांनीही केलं.