न दिसणाऱ्या रफूचा पुरावा

प्रति,
मा. वर्गवारी अधिकारी,
नाट्यगृह कामगार कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वेशभूषा विभागातील रफूकाम करणाऱ्या अर्जदारास ‘कुशल कारागीर’ वर्गात घेण्याबाबत (विनंती तिसरी).

संदर्भ : आपले पत्र, ‘अर्ज अमान्य’. त्यावर क्रमांक आहे, पण कारण नाही.

महोदय,

१. अर्जदार या माझ्या सासूबाई. त्या शेजारी बसून सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. त्यांची भाषा मवाळ आहे. जिथे कडक वाटेल तिथे ती माझी समजावी.

२. नाट्यगृहाच्या मागच्या जिन्याखाली जी वेशभूषेची खोली आहे, तिथे सासूबाई एकतीस वर्षे रफू करतात. नवे कपडे बेतणारे शिंपी आजवर कुशल गणले गेले. फाटलेले सांधणाऱ्या, धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या बायका मात्र मदतनीसच राहिल्या. ही दरी बुजावी म्हणून आपल्या कार्यालयाने न्याय्य कामकाजाचे नवे नियम केले. ते ऐकून आम्ही घरात खरोखर आनंद मानला, हे नमूद करते. त्यातील नियम सातवा असा, की ज्याचे काम पाहणीत प्रत्यक्ष दिसेल, त्यास कुशल मानावे.

३. आपण स्वतः पाहणीस आलात. शिंपीदादांचे चौदा नवे पोशाख मोजलेत. मग सासूबाईंनी राजाचा मखमली अंगरखा पुढे केला. तो राजा प्रत्येक प्रयोगात गुडघ्यांवर कोसळतो, त्यामुळे अंगरखा गुडघ्यावर आजवर चाळीसएक वेळा फाटला आहे. दर वेळी त्याच अंगरख्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून सासूबाईंनी तो भरला. आपण तो उलटासुलटा करून पाहिलात आणि अहवालात लिहिलेत : ‘दुरुस्तीकाम आढळून आले नाही. कपडे मुळातच सुस्थितीत आहेत.’ साहेब, मुळातच म्हणजे काय? कपडे काय आपोआप बरे होतात?

४. आपल्या खिडकीवरील कारकुनांनी सल्ला दिला, की काम दिसेल असे करा. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम केले. राणीच्या काळ्या शालीला पांढऱ्या दोऱ्याने टाके घातले. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. प्रयोगात तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते टाके दिसले. दिग्दर्शक संतापले आणि ‘निकृष्ट काम’ अशी लेखी ताकीद मिळाली. आता त्यांच्या फाइलीत एक कागद म्हणतो की काम केलेच नाही, दुसरा म्हणतो की वाईट केले. दोन्ही कागद गुण्यागोविंदाने एकत्र राहतात. भांडावे लागते ते आम्हाला.

५. त्यानंतर सुचवण्यात आले, की एखादा कपडा अधिकाऱ्यांसमोर फाडावा आणि तिथेच सांधून दाखवावा. सासूबाई तयार होत्या. पण नाट्यगृहाची मालमत्ता फाडण्यास भांडारप्रमुखांची परवानगी लागते. त्यांनी कळवले, की फक्त बाद झालेला कपडा फाडता येईल. बाद कपड्यांची यादी मागितली, तर ती कोरी निघाली. भांडारप्रमुख म्हणाले, गेल्या एकतीस वर्षांत एकही कपडा बाद झालेला नाही. का झाला नाही, हे त्यांना सुचले नाही. मी सांगितले तर म्हणाले, तसा पुरावा आणा.

६. या महिनाअखेर वर्गवारीची यादी बंद होत आहे. मदतनीस राहिलेल्यांना यापुढे बोलावले तरच यायचे आहे आणि खोलीची किल्ली परत करायची आहे. किल्ली गेली, की सासूबाईंचे काम संपले. एखादा नट पडदा उघडायच्या दहा मिनिटे आधी फाटकी बाही घेऊन धावत येतो, तेव्हा त्यांना घरून बोलावून काय उपयोग? त्या मला म्हणाल्या, जाऊ दे गं, माझ्यापुढे जन्म थोडाच आहे. पण रात्रभर कूस बदलत होत्या. मला हे सहन होत नाही, म्हणून हा अर्ज.

७. जे काम दिसू नये म्हणूनच केले जाते, ते दिसले नाही म्हणून त्यास शिक्षा असू नये. नियम सातवा त्याप्रमाणे बदलावा. एकट्या सासूबाईंसाठी नव्हे, इस्त्रीवाल्या आणि धुणाऱ्या बायकांसाठीही.

८. शेवटची बाब सासूबाई लिहू नको म्हणत होत्या. पाहणीच्या दिवशी खोलीत उकडत होते, म्हणून आपण कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलात. त्याचे उजवे कोपर बोटभर फाटले होते. आपण वहीत खाली मान घालून लिहीत होतात, तेवढ्यात सासूबाईंनी तो मांडीवर घेऊन रफू केला. न विचारता हात लावल्याबद्दल त्या क्षमा मागतात. फाटके समोर असले की त्यांना चैन पडत नाही. आपण तो कोट घालूनच निघालात. घरी कोणी शिवला असेल, असे आपणास वाटले असावे.

तरी तो कोट खिडकीशी उजेडात धरून कोपर नीट तपासावे. रफू सापडला, तर हा अर्ज फेटाळावा, आम्ही पुन्हा जिना चढणार नाही. नाही सापडला, तर सासूबाईंना कुशल वर्गात घ्यावे.

आपली नम्र, आणि या कार्यालयाचे जिने चढून दमलेली,
रफूवाल्या मावशींची सून
(अर्जदाराची सही बाजूला, सुईसारखी बारीक आहे)
दिनांक : यादी बंद होण्यास चार दिवस बाकी

सोबत :
(अ) अर्ज अमान्य केल्याचे पत्र
(ब) निकृष्ट कामाची ताकीद
(क) बाद कपड्यांची कोरी यादी
(ड) कोट जोडलेला नाही. तो आपल्या अंगावर आहे.