वरच्या खिडकीतून

चिरंजीव धाकट्यास, आशीर्वाद.

"चार दिवस राहून पाहिलं. बाबा बागेत एकटेच बडबडतात. त्यांना आता माझ्याकडेच आणतो," असे तू आत्याला सांगितलेस. हे साफ चूक आहे. कुंपणापलीकडे शेजारचे डॉक्टर बसून वांग्यांतले तण काढतात. वरच्या खिडकीतून ते दिसत नाहीत.

"मास्तर, टोमॅटो लावलेत की बोरं?" असे त्यांनी विचारले, म्हणून मी त्यांना फैलावर घेत होतो. जिना उतरला असतास, तर तुलाही हसू आले असते.

ही बाग आणि ही माणसे सोडून मी कोठेही येणार नाही.

हे पाठवले, तर त्यालाही तू बडबडच म्हणशील. म्हणून ते खणातच राहील.

पूर्ण शुद्धीवर असलेला,
तुझा बाप

ता. क. तारखांची दुरुस्ती:
तुझे आगमन: ३ मार्च, सकाळी.
तुझे प्रयाण: ३ मार्च, संध्याकाळी.
बागेत माझ्याजवळ बसणे: अद्याप नाही.