बसा, काका

तुमसर,
१८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबाले रीताचा नमस्कार.

माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहून राहिली. इकडं सगळं ठीक आहे. आई म्हणते, शुक्रवारपासून तुम्ही मागावर बसलेच नाही. गुडघा दुखत असंल, असं मी स्वतःले समजावून पाहिलं. पटलं नाही.

शुक्रवारी कॉलेजात तुम्हाले मीच बोलावलं होतं. महिनाभर फोनवर तुम्हाले पिडलं: उभ्या धाग्याले काय म्हणता, धोटा कसा फेकता, तुटलेला धागा कसा सांधता. इंग्रजी कवी हेच शब्द माणसाच्या आयुष्याले लावतात, त्यावरच माझं भाषण होतं. म्हटलं, बाबानं ऐकावं.

मी मोठ्या ऐटीत सांगत होती का आयुष्य म्हणजे मागावरचं कापड, अन् ते कापून उतरवलं का मरण. तेवढ्यात मागच्या रांगेत तुम्ही उभे झाले.

"कापड उतरलं त मरण कायचं जी? त्या दिवशी आमच्या घरी गोड रांधतेत. अन् शेवटचे धागे मागावर तसेच ठेवतो. नव्या कापडाचा ताणा, उभे धागे, त्यालेच त सांधतो."

पोरं हसले. तुमच्या बोलण्याच्या तऱ्हेले हसले. पुढं बसलेले प्राचार्य माझ्याकडं पाहाले लागले, अन् मी म्हटलं, "हे आमच्या गावचे एक विणकर आहेत. बसा, काका."

तोंडातून निसटलं, असं आईले सांगितलं. ते खोटं आहे. मले तुमची लाज वाटली, बाबा. तुम्ही चहालेही थांबले नाही, पवनीची बस धरली.

अन् बरोबर तुम्हीच होते. कापड उतरल्यावरचा शिरा लहानपणी मीच सगळ्यांत आधी खायची. तरी पुस्तकातलं मरण खरं धरलं.

आज वर्गात सांगितलं, ते माझे वडील. पहिल्या बाकावरची खुशबू म्हणाली, "मग मॅडम, तुम्ही त्याईले काका काहून म्हटलं?" मी फळा पुसत राहिली. फळ्यावर काहीच नव्हतं.

दसऱ्याले घरी येते. शिव्या द्या, बोलू नका, काहीही करा. फक्त त्या दिवशी 'हो मॅडम' म्हणून खाली बसले, तसं घरी मले म्हणू नका.

तुमचीच पोरगी,
रीता