मोरीत गेलेला चीक

आई,

तुझ्या हातच्या खरवसाची आठवण आली की मला आजही मळमळतं. गावभर त्याचं कौतुक व्हायचं, म्हणून तुझ्या हयातीत हे बोलले नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे अवसरीला आले होते. लेक झाली त्याच आठवड्यात आपली म्हैस व्यायली. तू गोठ्यात उभी राहून आधी रेडकाला पाजायला लावतेस. "चीक पोटात गेल्याबिगर जगायचं न्हाई ते," म्हणून गड्याला दटावतेस. मग तेच हात धुऊन घरात येतेस, माझ्या छातीतलं पिवळं, घट्ट दूध वाटीत पिळतेस आणि मोरीत ओततेस. "नासकं हाय ते. लेकराला बाधंल." लेकीच्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा. तिला हगवण लागली, डोळे खोल गेले, तेव्हा तू तिची दृष्ट काढलीस. कशीबशी वाचली पोर. त्या दिवसांत ओसरीवर बायका खरवस खात होत्या आणि वेलचीचा वास घरभर सुटला होता. किळस येते गं मला त्या वासाची, त्या मोरीची, आणि खरं सांगायचं तर तुझीसुद्धा.

तीच लेक परवा मंचरच्या दवाखान्यात बाळंत झाली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, या पहिल्या दुधात रोगाशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात. काही बाळाच्या आतड्याला आतून अस्तरासारखी बसतात, जंतूंना चिकटू देत नाहीत. त्यातलं एक प्रथिन तर जंतूंना वाढायला लागणारं लोहच त्यांच्या तोंडून काढून घेतं. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तुझी मोरी होती. तेवढ्यात विहीणबाई मधाची बाटली घेऊन आल्या. "आमच्यात पयलं दूध पिळून टाकत्यात," म्हणाल्या. मी बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि सरळ माझ्या पर्समध्ये टाकली. त्या रुसून बाहेर बाकावर जाऊन बसल्या. बसू देत.

नातू चुटुचुटु प्यायला लागला. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून पुढचं लिहिते. त्याच्या ओठाच्या कडेनं ते पिवळं दूध ओघळलं आणि लेक म्हणाली, "आई, पूस ना जरा." मी पदर पुढे केला आणि माझ्या पोटात ढवळून आलं. खरवसाच्या आठवणीनं नाही, त्या दुधानंच. इतकं सगळं कळूनसुद्धा तुला वाटायची ती त्या दुधाची किळस माझ्यात तशीच बसलेली आहे, आई. पुसलं मी, पण तोंड फिरवून.