राणीसरकारांची झोप

प्रिय ताई,

बऱ्याच दिवसांत तुला असं निवांत लिहिलं नाही. फोनवर आपण दोघी हवापाणी आणि तुझी गुडघेदुखी यांवर बोलतो आणि ठेवून देतो. आज थंडी सरत आलीय, खिडकीत ऊन येऊन बसलंय, नवरोबा पलीकडच्या खोलीत भिंतीला रंग देताना गुणगुणतोय, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावंसं वाटतंय.

माझं काम नेमकं काय, हे तू दर वेळी विचारतेस आणि दर वेळी विसरतेस. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपतात ना, त्या तशाच्या तशा डॉक्टरांच्या उपयोगाच्या नसतात. पापणी लवली, दात दाबले, हृदयाचा ठोका पडला, भिंतीतली वीज घुमली, की सगळं त्या रेघांत मिसळतं. ते ओळखून वेगळं काढायचं, मग डॉक्टर बघणार. "म्हणजे धान्य निवडायचं," असं तू म्हणाली होतीस. तसंच. फक्त इथे खडा समजून दाणा फेकला, तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

बाळांच्या लहरी बघायला मला फार आवडतं. झोपलेल्या बाळाची रेघ काही वेळ अगदी संथ होते, मग एकदम उसळते, पुन्हा संथ. बघता बघता मीच पाण्याखाली गेल्यासारखं होतं. आजूबाजूचे आवाज लांब जातात, चहा गार होतो.

थंडीच्या सुरुवातीला एक रेकॉर्डिंग आलं, नुसता चिखल. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली मुलगी. आई बाळंतपणात गेली, मागे कुणीच नाही. तिचे हातपाय मधूनच झटका बसल्यासारखे उडायचे. डॉक्टरीणबाईंना फिट्सची शंका होती. तसं असेल तर जालीम औषध लगेच सुरू करायचं, नसेल तर एवढ्याशा जिवाला ते द्यायचंच नाही. पण तारा लावल्या की बाईसाहेब टाहो फोडायच्या. पाळणा त्यांना पसंत नव्हता, म्हणून वॉर्डातल्या सिस्टर त्यांना राणीसरकार म्हणायच्या. मी फोन करून सांगितलं, यातून काही निघणार नाही, पुन्हा घ्या. सिस्टर म्हणाल्या, "कुणाच्या कुशीत असली की झोपते हो. पण माझ्याकडे वॉर्डभर बाळं आहेत. तुम्हीच येता का खाली?"

मी नाही म्हणणार होते, ताई. त्या मजल्यावर मी दोन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, तुला ठाऊक आहे. तरी गेले. सिस्टरनी मला खुर्चीत बसवलं आणि काही बोलायच्या आत तिला माझ्या छातीवर ठेवलं. थोडी कुरकुर, एक सुस्कारा, आणि डोक्याला तारा असूनही राणीसरकार झोपल्या. पडद्यातून मऊ उजेड येत होता. मलाही गुंगी आली असावी. तिचा श्वास कुठला आणि माझा कुठला, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग उघडलं. विजेची घुमघुम काढली, तिच्या हृदयाची पाखरासारखी धडधड काढली. तरी एक संथ ठोका उरला. तार सैल असेल म्हणून तपासलं, यंत्र तपासलं. मग हळूच उमगलं, तो ठोका माझा होता. कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. शेवटी तोही काढला, कारण त्याच्याखाली तिचं काय चाललंय ते दिसायला हवं होतं. खाली शांत झोप होती. फिट्सची खूण कुठेच नव्हती.

आणि मी घाबरले. मला हवं होतं म्हणून तर तसं दिसत नसेल? शेजारच्या टेबलावर आमचा एक सहकारी बसतो, सगळं नाकाशी धरून बघतो म्हणून त्याला आम्ही भिंग म्हणतो. मूळ रेकॉर्डिंग त्याला दिलं आणि म्हटलं, "तू पहिल्यापासून साफ कर. माझी नजर आता सरळ राहिली नाही." का, ते त्याने विचारलं नाही. संध्याकाळी मान वर करून एवढंच म्हणाला, "काही नाही. झोपेत दचकते पोरगी." डॉक्टरीणबाईंचंही तेच मत पडलं. औषध दिलं नाही, आणि हळूहळू दचकणंही थांबलं.

माझं काम तिथे संपलं होतं, पण मी रोज खाली जाऊ लागले. मग एकदा नवरोबाला नेलं. तो दारातच थांबला, म्हणाला, "मी नुसता बघतो." तासाभराने मी घरी चल म्हटलं, तर तिला कुशीत घेऊन मलाच म्हणाला, हळू बोल.

ताई, परवा आम्हाला तिला दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. गुरुवारी तिला घरी आणतोय. फोनवर सांगायला गेले, पण या विषयाशी आलं की आपण दोघीही हवापाण्याकडे वळतो. दोन वर्षांपूर्वी मी हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी आले, त्याच्या आधीच तू येऊन बाळाची खोली आवरून ठेवली होतीस. तू शिवलेली झबली पिशवीत भरत होतीस. मी म्हटलं, कुणालाही देऊन टाक. तू "बरं" म्हणालीस आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीस. नवरोबा म्हणतो, ताईंनी दिली नसणार. दिली असलीस तरी काही नाही, खरंच, तू नुसती ये. पण असतील, तर घेऊन ये. पोर अजून मुठीएवढीच आहे. सैल झाली तर बाह्या दुमडू.

तुझीच,
धाकटी