हुसेनभाईंनी सोडलेली उधारी

बुधवार

चार दिवस वही उघडली नाही, उशिराबद्दल माफी. लिहायला हातच धजत नव्हता.

राजारामपुरीतले टॅक्सचे फॉर्म भरून देणारे साहेब म्हणाले, "अण्णा, चपलांसाठी हुसेनभाईंकडून उधार घेतलेलं कातडं तुम्ही खर्चात धरलंय. पैसे दिलेच नाहीत, त्यांनी सोडले. म्हणजे ते तुमचं उत्पन्न झालं, टॅक्स बसणार. त्यांच्याकडून सोडल्याचं लिहून आणा."

उत्पन्न! माझी पारू गेली त्या महिन्यातलं?

तिच्या तेराव्याला हुसेनभाई आले, उधारीची चिठ्ठी फाडली. "वैनी गेल्या, आता कसला हिशोब? माझ्या पोरांना मात्र कळू देऊ नका." मीही शहाणा, ते कपटे चुलीत टाकले.

आज त्यांच्या दुकानी गेलो. गल्ल्यावर थोरला मुलगा होता. "काय अण्णा, वाट चुकलासा व्हय? अब्बा मिरजंला ताईकडं हायत. काय काम व्हतं?"

"काय न्हाय, सहज आलतो," म्हणालो. त्यानं चहा पाजला. मला त्याच्याकडं बघवेना.

टॅक्स भरीन, शिलाई मशीन विकून भरीन. पण दुकानाच्या शिक्क्याचा कागद मागितला तर पोरांना कळणार, आणि या वयात हुसेनभाईंना घरात बोलणी खावी लागणार. न मागावा तर साहेब फॉर्म भरत नाहीत. उत्पन्न म्हणे!

मिरजेच्या टेम्पोवाल्याकडे निरोप दिलाय, भेटायचंय एवढाच. हुसेनभाई, लवकर कळवा. जमलं तर उधारी सोडली ते मागं घ्या, म्हणजे ते उत्पन्न ठरणार नाही. उधारी हप्त्याहप्त्यानं फेडीन, पण तुमच्याकडं कागद मागायची वेळ माझ्यावर आणू नका.