शेपटीकडून जरा जड

२ मार्च, शनिवार
विमान पूर्ण. घरामागच्या शेडमध्ये बांधायला घेतलं तेव्हा दाताचा डॉक्टर विमान बांधतोय म्हणून सगळं कॉलाडूना गाव हसलं होतं. आता हसून दाखवा. ज्या हातांनी गावाच्या दाढा बुजवल्या, त्या हातांना दोन पंख आणि एक शेपूट म्हणजे काय मोठंसं?
शेपटीवर बायकोचं नाव रंगवलं : 'नोरीन'. तिने पाहिलं आणि तुझ्या आईचं नाव दिलं असतंस तरी माझी काही हरकत नव्हती, म्हणाली. लाजली असावी.

५ मार्च
वजन केलं. फ्लाइंग क्लबची बेव्ह ट्रँटर वजनकाटे घेऊन आली होती. बाईची हयात पिकांवर औषध फवारत उडण्यात गेली, आता शिकवते. म्हणाली, तोल फार मागे गेलाय. असं विमान स्टिकला, म्हणजे चालवायच्या दांड्याला, बोट लावलं की नाक वर करतं आणि मग ऐकत नाही. सीटमागची बॅटरी पुढे इंजिनाजवळ न्या, आणि सीटवरचं ते चामड्याचं सोफ्यासारखं प्रकरण काढून टाका.
नम्रपणे ऐकून घेतलं. शेडची जमीन मागे उतरती आहे, हे बाईंच्या लक्षात आलं नाही. शिवाय बोट लावताच नाक वर, यालाच चपळ म्हणतात. अशा विमानांसाठी लोक जीव टाकतात.
तरी तडजोड म्हणून माझं वजन कमी करणार. उद्यापासून मीट पाय, म्हणजे बेकरीतली ती खिमा भरलेली पेस्ट्री, बंद.

९ मार्च
जमिनीवर चालवून पाहिलं. आधी सरळ गेलं, मग क्लबच्या बार्बेक्यूकडे गेलं. वारा. बार्बेक्यूची जागा मुळातच चुकीची आहे, हे मी कमिटीला पूर्वीही सांगितलं होतं.
धक्क्यामुळे एक मीट पाय खाल्ला.

१७ मार्च
वेगात पळवलं. मी काहीही न करता विमान जमिनीवरून उठलं, थोडं गेलं आणि आपटलं. तांत्रिकदृष्ट्या हे पहिलं उड्डाण. पबमध्ये तसं जाहीर केलं.
बेव्ह म्हणाली, तुम्ही न सांगता उडालं, हीच तर काळजीची गोष्ट आहे, डॉक्टर. पहिली चाचणी मी घेते. मत्सर माणसाला किती खाली आणतो!

२३ मार्च
नोरीनने जेवताना तोच विषय काढला. बेव्हला उडवू दे, म्हणाली. मी हो म्हटलं. हो म्हणजे विचार करतो. विचार केला. उद्या सकाळी, सगळे उठायच्या आत.

२४ मार्च, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय.
उड्डाण यशस्वी. माझ्या अपेक्षेपेक्षा थोडं आधी जमिनीवरून उठलं, इतकंच. स्टिक जराशी पुढे केली तर समोर फक्त शेजारच्या शेतातल्या डन्स्टनच्या मेंढ्या. जराशी मागे घेतली तर फक्त आकाश. मधलं काही या विमानाला ठाऊकच नाही. मग एकदा समोर आकाशच राहिलं, स्टिक पूर्ण पुढे दाबली तरी नाक खाली येईना, पंख थरथरायला लागले आणि मी मोठ्याने 'नोरीन' अशी हाक मारली. विमानाला, अर्थात.
इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे नाक पडलं. डन्स्टनच्या कापलेल्या गव्हात उतरायचं मी ठरवलं. चाकं मोडली, मनगट मोडलं. मेंढ्या सुखरूप.
नोरीन नाइटगाउनवर गमबूट घालून पळत आली. व्हरांड्यातून सगळं बघत होती म्हणे. माझ्या केसांतला भुसा काढत बसली. भुसा संपला तरी तिने हात काढले नाहीत. थंडी असावी.

१२ मे
प्लास्टर अजून आहे, म्हणून नोरीन आणि बेव्ह शेडमध्ये काम करतायत. नवी चाकं लागली. बॅटरी पुढे गेली. चामडं निघालं, कुत्रा त्यावर झोपतो. मी खुर्चीत बसून मार्गदर्शन करतो. दोघी रेडिओचा आवाज वाढवतात.

२ जून
बेव्हने उडवलं. वर गेली, वळली, खाली आली. म्हणाली, आता शहाण्यासारखं वागतं. मला ते फारच मिळमिळीत दिसलं. माझ्या हातात त्याला व्यक्तिमत्त्व होतं.
मग दुसऱ्या सीटवर नोरीन बसली. मी कितीदा बोलावलं, तेव्हा कधी बसली नव्हती. उतरली तेव्हा गाल लाल आणि केस विस्कटलेले. घरी येईपर्यंत एकटीच हसत होती. उंचीवर प्राणवायू कमी पडतो.

१८ ऑगस्ट
नोरीन शिकतेय. मनगट बरं झालं, पण विमानाची किल्ली बेव्हच्या खिशात. मागितली तर म्हणते, आधी माझ्याबरोबर बसून पहिल्यापासून शिका, डॉक्टर. बांधणाऱ्यानेच शिकायचं! स्पष्ट नकार दिला.
दर शनिवारी थर्मास मी भरतो. जमिनीवरची व्यवस्थाही कुणीतरी बघायला हवी.

२३ नोव्हेंबर
नोरीन आज एकटी उडाली. मी कुंपणाला धरून उभा होतो. ती दिसेनाशी झाली तेव्हा तिच्यासाठी भरलेला थर्मास मीच पिऊन संपवला. इथे दक्षिण गोलार्धात नोव्हेंबरातच उन्हाळा सुरू होतो.
उतरली तर चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेव्हने विचारलं, कसं वाटलं गं विमान?
नोरीन म्हणाली, "चांगलं आहे. स्वतःच्याच नादात एका बाजूला ओढत राहतं. न भांडता पेडलवर सतत जरासा उलटा पाय देत राहायचा, मग सरळ जातं. मला सवय आहे."
बेव्ह इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.
एवढी सवय नोरीनला कधी झाली, ते विचारायचं राहून गेलं.